वारसा संकेतनामाचा : ‘डब्ल्यू १ एडब्ल्यू’चा इतिहास

हौशी रेडिओचालकास सरकारकडून अक्षरे व अंक यांचे जे चिन्ह मिळते, त्यास व्यवहारात ‘कॉल साइन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘संकेतनाम’ हा शब्द योजला आहे. कायद्याच्या दृष्टीने हे नाव म्हणजे नोंदवहीतील एक क्रमांकच होय. परवानाधारक मरण पावला, अथवा त्याचा परवाना संपुष्टात आला, म्हणजे ते मोकळे होते आणि पुढे दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येऊ शकते. परंतु ज्या नावाने एखादा मनुष्य वर्षानुवर्षे आकाशमार्गे ओळखला गेला, ते नाव परक्याकडे गेले म्हणजे त्याबरोबर काय जाते आणि मागे काय राहते, हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. रेडिओचालकांच्या संपर्कवह्या आणि संपर्काची पोच देणारी ‘क्यूएसएल’ कार्डे ही आता इतिहासाची साधने झाली आहेत, आणि त्यांत मनुष्याची ओळख मुख्यतः संकेतनामानेच होते.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास हायरम पर्सी मॅक्सिम ह्या अमेरिकन अभियंत्याच्या संकेतनामाइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच मिळेल. मॅक्सिम यांचा जन्म १८६९ चा. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे ते राहत. १९१४ साली त्यांना सुमारे चाळीस किलोमीटरांवरील स्प्रिंगफील्ड येथे संदेश धाडावयाचा होता. तो थेट पोचेना, तेव्हा वाटेवरील विंडसर लॉक्स येथील एका हौशी चालकाने तो पुढे पोचविला. एकाने दुसऱ्याचा निरोप पुढे न्यावा, ह्या साध्या अनुभवातून त्याच वर्षी मॅक्सिम व क्लॅरेन्स टस्का यांनी ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ ही संस्था स्थापिली. पुढे १९२५ साली पॅरिस येथे हौशी चालकांचा आंतरराष्ट्रीय संघ निर्माण झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्षपद मॅक्सिम यांच्याकडेच आले.

ह्या एका गृहस्थाच्या संकेतनामांची परंपरा पाहिली, तर ‘नाव’ ही वस्तू किती अस्थिर होती हे ध्यानात येते. आरंभी ते ‘एसएनवाय’ हे नाव वापरीत. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी केंद्रांस परवाने देण्याची पद्धत घातली. देशाचे नऊ विभाग पडले, आणि प्रत्येक संकेतनामाच्या आरंभी विभागाचा अंक आला. कनेक्टिकट पहिल्या विभागात असल्यामुळे मॅक्सिम यांना ‘१ डब्ल्यूएच’ हे नाव मिळाले. त्यांचे आणखी एक नाव ‘१ झेडएम’ असे होते. येथील ‘झेड’ यदृच्छेने आलेला नव्हे. एक्स, वाय व झेड ही आद्याक्षरे अनुक्रमे प्रायोगिक, शैक्षणिक आणि विशेष परवान्याच्या केंद्रांसाठी राखून ठेवलेली होती. म्हणजे सामान्य चालकासाठी दोन अक्षरांची एका विभागात फार तर ५९८ नावे उरत. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर नावांची पुनरावृत्ती अटळच होती.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि हौशी केंद्रे बंद झाली. १९१९ च्या अखेरीस प्रक्षेपणाची मोकळीक पुन्हा मिळाल्यावर मॅक्सिम ‘१ एडब्ल्यू’ ह्या नावाने बोलू लागले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर संकेतनामावरून देशही ओळखता यावा असे ठरले, आणि १९२८ च्या ऑक्टोबरपासून त्यास ‘डब्ल्यू’ हा उपसर्ग जोडला जाऊन ‘डब्ल्यू १ एडब्ल्यू’ हे रूप सिद्ध झाले. मनुष्य एकच, नावे अनेक, असा हा पूर्वार्ध होय. उत्तरार्धात नेमके ह्याच्या उलट घडले.

१९३६ च्या फेब्रुवारीत मॅक्सिम निवर्तले. पुढच्याच महिन्यात आलेल्या महापुरात हार्टफर्ड येथील ब्रेनर्ड विमानतळावरचे संस्थेचे केंद्र निकामी झाले. त्या केंद्राचे संकेतनाम ‘डब्ल्यू १ एमके’ असे होते. संस्थेने नवे केंद्र उभारण्याचे ठरविले, आणि संस्थापकाचे संकेतनाम त्यास मिळावे ह्या इच्छेस सरकारी दळणवळण आयोगाने मान्यता दिली. २ सप्टेंबर १९३८ रोजी न्यूइंग्टन येथे हे स्मारक-केंद्र समर्पित झाले. तेथून ‘डब्ल्यू १ एडब्ल्यू’ ह्या नावाने वार्तापत्रे व मोर्स लिपीचे पाठ आजही प्रक्षेपित होतात. संस्थेच्या शताब्दीनिमित्त २०१४ साली तर हेच नाव अमेरिकेच्या पन्नासही राज्यांतून गाजले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. विशेषनाम वस्तूचा केवळ निर्देश करते, तिच्या गुणांचा बोध करून देत नाही, असे जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली प्रतिपादिले होते. संकेतनामास हे लक्षण विशेषच लागू पडावे, कारण ते जन्मतःच निरर्थक असते. तथापि ‘डब्ल्यू १ एडब्ल्यू’चा निर्देश १९३६ पूर्वी एका पुरुषाकडे होता, नंतर तो एका केंद्राकडे वळला; मराठीत बोलावयाचे तर ‘तो’चे ‘ते’ झाले. निर्देश बदलला, आणि तरीही नाव तेच ठेवण्याचा आग्रह धरला गेला, तो जुन्या धन्याची आठवण त्यास चिकटली होती म्हणूनच. निरर्थक चिन्हास वापराने अर्थ येतो, आणि वारसा मिळतो तो ह्या अर्थाचा.

१९३६ नंतर जे अपवाद म्हणून घडले, त्यास पुढे नियमाचे रूप आले. १९९६ पासून अमेरिकेत आपल्या पसंतीचे संकेतनाम मागता येते. मृत परवानाधारकाचे नाव सामान्यतः दोन वर्षे कोणासही दिले जात नाही. परंतु निकटच्या नातलगास, अथवा अशा नातलगाची लेखी संमती असलेल्या हौशी मंडळास, ही मुदत आड येत नाही. क्रमांक मानलेल्या वस्तूच्या कायद्यात आप्तसंबंधाचा असा शिरकाव व्हावा, ही त्या वस्तूचे नावपण मान्य केल्याचीच खूण होय. दिवंगत चालकास हे लोक ‘सायलेंट की’, म्हणजे मूक झालेली कळ, असे म्हणतात. त्या कळीचे नाव घरातील मुलाने वा नातीने पुन्हा वाजवावे, ह्यात आपल्याकडील आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रीतीशी असलेले साम्य उघड आहे.

मात्र प्रत्येक नावामागे संस्था नसते, आणि प्रत्येक घरात वारसदार नसतो. अप्रसिद्ध चालकांची बहुसंख्य संकेतनामे पूर्वेतिहासाची वार्ताही नसलेल्या नव्या माणसांकडे जातात. म्हणून अभ्यासकाने संकेतनाम हा व्यक्तीचा पुरावा मानताना सावध असले पाहिजे. सातारचे शाहू व कोल्हापूरचे शाहू यांची कागदपत्रे केवळ नावावरून कोणी एकत्र बांधीत नाही. काळ व स्थळ पाहतो. तोच विवेक येथे हवा. कार्डावरील तारीख व गाव, तसेच त्या-त्या वर्षीची छापील परवानायादी, यांचा मेळ बसल्यावाचून नावाचा धनी निश्चित करू नये.

आणि ज्याच्या हाती असे जुने नाव येते, त्याच्यावरही काही भार पडतो. आपल्यापूर्वी हे नाव कोणाचे होते ह्याचा शोध घेऊन त्याने तो नोंदून ठेवला, तर एका विस्मृत माणसाचे अस्तित्व इतिहासात टिकते. न घेतला, तर दोन आयुष्ये एकाच नावाखाली मिसळून जातात, आणि त्यांतील आधीचे बहुधा पुसले जाते.