नियंत्रणमुक्त बाजारातील शासनसंस्था : ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय वीजबाजार आणि अक्षय ऊर्जा (१९९१ ते २०२३)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात वीजपुरवठा हे शासनाचे कर्तव्य मानले जात असे. औष्णिक केंद्रे, धरणे आणि पारेषण वाहिन्या शासनाने उभाराव्यात व विजेचे दरही त्यानेच ठरवावेत, याविषयी फारसे दुमत नव्हते. १९८० नंतरच्या दशकात प्रथम चिली आणि पुढे ब्रिटन या देशांनी ही धारणा बाजूस सारली. वीज ही इतर वस्तूंसारखीच खरेदी-विक्रीची वस्तू असून तिची किंमत स्पर्धेतून ठरावी, हा विचार तेथून जगभर पसरला. ऑस्ट्रेलियाने हा विचार विशेष काटेकोरपणे अमलात आणला. १३ डिसेंबर १९९८ रोजी तेथील 'राष्ट्रीय वीजबाजार' सुरू झाला. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, राजधानी प्रदेश, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया हे त्याचे आरंभीचे घटक होते. २००५ मध्ये टास्मानियाही त्यात सामील झाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी हे प्रदेश अंतरामुळे बाहेरच राहिले.

शासनाने दूर राहावे या हेतूने निर्माण झालेल्या या बाजारात पंचवीस वर्षांच्या आतच शासन गुंतवणूकदार, हमीदार आणि काही ठिकाणी मालक म्हणून परत आले. हे कसे घडले, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. बाजाराची रचना आणि हवामानविषयक धोरण या दोन गोष्टी ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ परस्परांपासून अलग ठेवल्या गेल्या. या बाजारावर ओढवलेल्या संकटांची मुळे अक्षय ऊर्जेपेक्षा या अलगपणात अधिक आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

मंडळांचे युग आणि त्याचा अस्त

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेनुसार वीज हा प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापले वीज मंडळ उभारले. पहिल्या महायुद्धातील सेनानी आणि स्थापत्य अभियंता सर जॉन मोनॅश यांनी १९२१ पासून व्हिक्टोरियाच्या राज्य वीज आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले आणि लॅट्रोब खोऱ्यातील लिग्नाइटवर त्या राज्याच्या औद्योगिकीकरणाचा पाया घातला. साउथ ऑस्ट्रेलियात थॉमस प्लेफर्ड यांच्या सरकारने १९४६ मध्ये खासगी वीज कंपनी ताब्यात घेऊन सार्वजनिक न्यास स्थापला. स्नोई पर्वतरांगेतील जलविद्युत प्रकल्प (१९४९ ते १९७४) हा केंद्र आणि राज्ये यांच्या सहकार्याचा सर्वांत मोठा आविष्कार होता.

मात्र १९८० च्या दशकात मागणीचे अंदाज चुकले आणि मंडळांनी गरजेपेक्षा अधिक केंद्रे बांधली. कर्जाचा बोजा वाढला. १९९१ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग आयोगाने ऊर्जानिर्मिती व वितरणावरील अहवालात मंडळांचे विभाजन करून स्पर्धा आणण्याची शिफारस केली. १९९३ च्या हिल्मर समितीच्या अहवालाने या विचाराला राष्ट्रीय स्पर्धा धोरणाची व्यापक चौकट दिली आणि १९९५ मध्ये केंद्र व राज्ये यांनी त्यासंबंधीच्या करारांवर स्वाक्षऱ्या केल्या.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्यांत विभाजन झाले. व्हिक्टोरियात असे विभाजन दहा वर्षे आधीच झाले होते आणि तेथे त्यापाठोपाठ विक्रीही झाली. जेफ केनेट यांच्या सरकारने १९९५ पासून वितरण कंपन्या व वीजकेंद्रे एकामागून एक विकली. १९६४ ते १९७१ या काळात बांधलेले हेझलवुड केंद्र १९९६ मध्ये खासगी मालकीत गेले. इतरत्र चित्र वेगळे होते. न्यू साउथ वेल्समध्ये बॉब कार यांच्या सरकारचा खासगीकरणाचा प्रस्ताव १९९७ मध्ये खुद्द त्यांच्याच मजूर पक्षाच्या अधिवेशनाने फेटाळला. क्वीन्सलँडने बहुतेक केंद्रे स्वतःकडेच ठेवली. परिणामी या बाजारात खासगी कंपन्या आणि सरकारी मालकीच्या कंपन्या आरंभापासून एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या. 'नियंत्रणमुक्त' हे विशेषण वापरताना ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बाजाराची रचना

क्वीन्सलँडमधील पोर्ट डग्लसपासून साउथ ऑस्ट्रेलियातील पोर्ट लिंकनपर्यंत सुमारे ५,००० किलोमीटर पसरलेल्या या व्यवस्थेचे कार्यतत्त्व तसे सोपे आहे. किती वीज कोणत्या दराने देणार, हे प्रत्येक उत्पादक आगाऊ कळवतो. बाजारचालक संस्था सर्वांत स्वस्त बोलीपासून क्रमाने वीज घेत जाते. मागणी पूर्ण होण्यासाठी जी शेवटची बोली स्वीकारावी लागते, तिचा दर सर्वांना मिळतो. हा हिशेब दर पाच मिनिटांनी होतो. रकमेची चुकती मात्र २०२१ पर्यंत अर्ध्या तासाच्या सरासरीने होत असे.

या रचनेत केंद्र उभे ठेवल्याबद्दल वेगळा मोबदला नाही. प्रत्यक्ष विकलेल्या विजेचेच पैसे मिळतात. टंचाईच्या तासांत किंमत प्रचंड वाढावी आणि त्या वाढीने नव्या गुंतवणुकीला आमंत्रण द्यावे, अशी त्यामागील कल्पना होती. म्हणूनच कमाल दर प्रतिमेगावॅट-तास ५,००० डॉलर ठेवण्यात आला आणि २००२ मध्ये तो १०,००० डॉलर झाला. किमान दर उणे १,००० डॉलर होता. बाजार सुरू झाला त्या वेळी मंडळांनी मागे ठेवलेली अतिरिक्त क्षमता उपलब्ध होती, त्यामुळे प्रारंभीची वर्षे स्वस्ताईची गेली. मंडळांच्या काळातील ही संचित भांडवली मालमत्ता खर्ची पडत असताना तिचे श्रेय स्पर्धेला दिले गेले.

राष्ट्रीय वीज कायद्याने बाजाराचे उद्दिष्ट निश्चित केले, तेव्हा किंमत, गुणवत्ता, सुरक्षितता आणि पुरवठ्याची विश्वासार्हता यांचा त्यात समावेश होता, पर्यावरणाचा नव्हता. हे वगळणे हेतुपुरस्सर होते. पर्यावरणाची काळजी अन्य कायद्यांनी घ्यावी आणि बाजाराने कार्यक्षमतेपुरते पाहावे, अशी ही श्रमविभागणी होती.

बाजाराबाहेरून आलेले धोरण

क्योटो परिषदेच्या तोंडावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी अक्षय ऊर्जेचे बंधनकारक लक्ष्य जाहीर केले. तत्संबंधीचा कायदा २००० मध्ये संमत होऊन एप्रिल २००१ पासून लागू झाला. २०१० पर्यंत ९,५०० गिगावॅट-तास अतिरिक्त अक्षय वीज हे त्याचे लक्ष्य होते. वीज विकणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक संख्येने प्रमाणपत्रे सादर करावीत, अन्यथा दंड भरावा, अशी त्याची पद्धत होती. म्हणजे पवनऊर्जा प्रकल्पाला दोन बाजारांतून उत्पन्न मिळू लागले : विजेच्या बाजारातून आणि प्रमाणपत्रांच्या बाजारातून. दुसरा बाजार पूर्णतः केंद्रीय कायद्याची निर्मिती होता.

डिसेंबर २००२ मध्ये वॉरिक पॅरर यांच्या अध्यक्षतेखालील ऊर्जाबाजार समितीने या विखुरलेल्या योजनांऐवजी उत्सर्जन व्यापाराची एकच योजना असावी, असे सुचविले. ते मान्य झाले नाही. हॉवर्ड सरकारने लक्ष्य वाढविण्यासही नकार दिला, तेव्हा व्हिक्टोरियाने २००६ मध्ये स्वतःचा कायदा केला. रड सरकारने २००९ मध्ये केंद्रीय लक्ष्य २०२० साठी ४५,००० गिगावॅट-तासांवर नेले. त्यातून लहान सौर संच वेगळे काढल्यानंतर मोठ्या प्रकल्पांसाठी ४१,००० गिगावॅट-तास उरले. ॲबट सरकारच्या काळात, २०१५ मध्ये, ते ३३,००० वर आले. कार्बनवरील किंमत १ जुलै २०१२ रोजी प्रतिटन २३ डॉलर या दराने लागू झाली आणि दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, रद्द झाली. वीजकेंद्राचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते, तर धोरणाचे आयुष्य एका निवडणुकीचे ठरले. अशा परिस्थितीत खासगी गुंतवणूकदाराने वाट पाहणे हे तर्काला धरूनच होते.

किमतीच्या गणितातील बदल

वारा आणि ऊन यांना इंधनखर्च नसल्यामुळे पवन व सौर प्रकल्प जवळजवळ शून्य, किंबहुना प्रमाणपत्राचे उत्पन्न गृहीत धरून उणे दरानेही बोली लावू शकतात. बोलींच्या क्रमात ते सर्वांत पुढे येतात आणि महाग केंद्रे मागे सरकतात. याचा पहिला मोठा अनुभव साउथ ऑस्ट्रेलियाने घेतला. चांगला वारा, अल्प कोळसा आणि अनुकूल राज्य शासन यांमुळे २००३ नंतर तेथे पवनऊर्जा वेगाने वाढली.

दुसरा बदल घरांच्या छपरांवर झाला. न्यू साउथ वेल्सने जानेवारी २०१० मध्ये छतावरील सौर विजेला प्रतियुनिट ६० सेंट दर देऊ केला. अर्जांचा इतका ओघ आला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो २० सेंटवर आणावा लागला आणि २०११ मध्ये योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. अशा योजनांचा खर्च सर्व ग्राहकांवर विभागला जात असल्याने, स्वतःचे छप्पर नसलेल्या भाडेकरूंनी घरमालकांच्या विजेचा भार उचलावा काय, हा न्यायाचा प्रश्नही उपस्थित झाला. योजना संपल्या तरी पॅनेल स्वस्त होत गेले आणि २०२४ अखेर देशातील असे संच चाळीस लाखांवर पोहोचले. भर दुपारी उणे दर ही नित्याची बाब झाली. चोवीस तास चालण्यासाठी बांधलेल्या कोळसा केंद्रांना दुपारी तोटा सोसून संध्याकाळची वाट पाहणे भाग पडले.

२०१६–१७ : रचनेची परीक्षा

मे २०१६ मध्ये पोर्ट ऑगस्टा येथील नॉर्दर्न केंद्र बंद होऊन साउथ ऑस्ट्रेलियातील कोळशाची वीज संपली. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी चक्रीवाताने पारेषण मनोरे कोसळले. दोन मिनिटांच्या अवधीत विद्युतदाब वारंवार खाली गेला, अनेक पवन प्रकल्पांच्या संरक्षक यंत्रणेने त्यांचे उत्पादन एकूण ४५६ मेगावॅटने घटविले आणि व्हिक्टोरियाशी जोडणारी वाहिनी अतिभाराने तुटली. सुमारे साडेआठ लाख ग्राहक असलेले संपूर्ण राज्य अंधारात गेले. या घटनेचा दोष एका पक्षाने पवनऊर्जेला, तर दुसऱ्याने वादळाला दिला. तांत्रिक चौकशीतून पुढे आलेली बाब अधिक उद्बोधक होती : पवन प्रकल्पांच्या संरक्षक यंत्रणेतील संबंधित मर्यादेची बाजारचालक संस्थेला कल्पनाच नव्हती. नवी यंत्रे आणण्याचे धोरण एकीकडे आखले गेले आणि ती जाळ्याशी जुळविण्याचे नियम दुसरीकडे मागे राहिले.

पाच आठवड्यांनी, ३ नोव्हेंबर २०१६ रोजी, हेझलवुडच्या परदेशी मालकांनी १,६०० मेगावॅटचे ते केंद्र मार्च २०१७ अखेर बंद करण्याची घोषणा केली. पूर्वसूचना अवघ्या पाच महिन्यांची होती. घाऊक किमती वाढल्या आणि खासगीकरणात आधीच असंख्य रोजगार गमावलेल्या लॅट्रोब खोऱ्यावर दुसरा आघात झाला. केंद्र बंद करण्याचा निर्णय बाजाराच्या नियमांनुसार होता. त्याच्या सामाजिक परिणामांची जबाबदारी मात्र बाजारातील कोणावरच नव्हती. २०१८ मध्ये तीन वर्षांच्या पूर्वसूचनेचा नियम झाला.

शासनाचे पुनरागमन

प्रमुख शास्त्रज्ञ ॲलन फिंकेल यांच्या समितीने जून २०१७ मध्ये ५० शिफारशी केल्या. त्यांपैकी ४९ स्वीकारल्या गेल्या. उत्सर्जनाशी थेट निगडित असलेली स्वच्छ ऊर्जा लक्ष्याची शिफारस तेवढी वगळली गेली. पर्याय म्हणून आलेली राष्ट्रीय ऊर्जा हमी योजना ऑगस्ट २०१८ मध्ये बारगळली आणि त्या संघर्षात पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांचे पद गेले. केंद्रात ही कोंडी असताना राज्ये पुढे सरसावली. साउथ ऑस्ट्रेलियात २०१७ अखेर १०० मेगावॅटची हॉर्न्सडेल बॅटरी कार्यान्वित झाली. न्यू साउथ वेल्सने २०२० मध्ये कायदा करून नव्या प्रकल्पांना दीर्घ मुदतीचे हमी करार देऊ केले.

जून २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे महागलेले इंधन आणि जुन्या कोळसा केंद्रांतील बिघाड एकत्र आले. किमती मर्यादेपलीकडे गेल्याने ३०० डॉलरची कमाल मर्यादा लागू झाली. त्या दरात खर्च निघत नसल्याने उत्पादकांनी बोली मागे घेतल्या. अखेर १५ जून रोजी संपूर्ण बाजार स्थगित करण्यात आला; असे इतिहासात प्रथमच घडले. २४ जूनला स्थगिती उठेपर्यंत कोणते केंद्र चालावे, हे बाजारचालक संस्थाच आदेशाने ठरवीत होती.

यानंतर दिशा स्पष्ट झाली. २०३० पर्यंत ८२ टक्के अक्षय विजेचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ गिगावॅट क्षमतेसाठी उत्पन्नाची हमी देणारी योजना जाहीर केली. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्सर्जनातील घट राष्ट्रीय वीज कायद्याच्या उद्दिष्टात समाविष्ट झाली. त्याच वर्षी, मोनॅश यांनी घडविलेल्या आणि केनेट यांच्या काळात मोडलेल्या राज्य वीज आयोगाचे व्हिक्टोरियाने सरकारी कंपनीच्या रूपाने पुनरुज्जीवन केले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ऑस्ट्रेलियाचा वीजबाजार कायद्याने निर्माण झाला, कायद्यानेच बदलत गेला आणि धोरणापासून कधीही मुक्त नव्हता. दुसरा असा की, अल्पकालीन किमती ठरविण्याचे काम या बाजाराने चोख केले. परंतु एका ऊर्जास्रोताकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या संक्रमणाचे नियोजन त्याच्या रचनेत कधीच अंतर्भूत नव्हते. तिसरा असा की, उत्सर्जनाचा प्रश्न पाव शतक बाजाराच्या उद्दिष्टाबाहेर ठेवल्याने तो नाहीसा झाला नाही. तो अनुदाने, अचानक बंद पडणारी केंद्रे आणि राजकीय उलथापालथी यांच्या रूपाने परत आला. त्याची किंमत वीजग्राहकांनी आणि लॅट्रोब खोऱ्यासारख्या प्रदेशांतील कामगारांनी मोजली.

आजचे पुनरागमन म्हणजे जुन्या मंडळांचे युग नव्हे. पाच मिनिटांचा बाजार चालूच आहे. मात्र काय बांधावे आणि त्याची जोखीम कोणी उचलावी, हे आता मोठ्या प्रमाणात शासन ठरविते. मंडळांच्या काळात चुकीच्या अंदाजांचा भार करदात्यावर पडला होता. हमी करारांचे अंदाज चुकले, तर तो पुन्हा त्याच्यावरच पडेल. म्हणून वीजसुधारणांचा अभ्यास करताना शासन की बाजार, या प्रश्नापाशी न थांबता जोखीम कोणाच्या खात्यावर मांडली गेली, हे प्रत्येक टप्प्यावर तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाला अगत्याचे ठरते.