आयोवातील वाक्चिकित्सेचा पूर्वेतिहास

मक्याच्या शेतांकरिता प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील आयोवा प्रांतात तोतरेपणाच्या शास्त्रीय अभ्यासाचे एक मोठे पीठ उभे राहावे, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटते. त्याचे बरेचसे श्रेय आयोवा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांस आहे. मनोवैद्यक आणि वाणीचा अभ्यास यांनी एकमेकांच्या शेजारी नांदावे, अशी त्यांची धारणा होती.

विद्यापीठाच्या मनोरुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. सॅम्युअल ऑर्टन १९२५ साली फिरते चिकित्सालय घेऊन ग्रामीण भागात गेले. शिक्षकांनी मंद म्हणून पाठविलेल्या मुलांपैकी काहींची बुद्धी चांगली होती. त्यांस वाचता मात्र येत नसे. ऑर्टन आणि सीशोर यांचे शिष्य ली ट्रॅव्हिस यांनी असे मत मांडले की, मेंदूच्या एका अर्धाचे दुसऱ्यावर पुरते वर्चस्व नसल्यास वाणी अडखळते, आणि डावखुऱ्या मुलास बळेच उजवा करणे हे त्याचे एक कारण होय. (डाव्या हाताने घास घेणाऱ्या मुलाच्या हातावर चापटी मारणाऱ्या आपल्या आजीबाईंस हे मुळीच रुचले नसते!)

या मताची परीक्षा वेंडेल जॉन्सन या विद्यार्थ्याने स्वतःच्या देहावर केली. १९२६ साली आयोवात आलेला हा तरुण स्वतः तोतरा होता. डावखुरा होण्यासाठी त्याने उजवा हात प्लास्टरमध्ये घालून घेतला. वर्षानुवर्षे डाव्या हाताचा अभ्यास केला. जीभ काही सुटली नाही. तेव्हा त्याचा विचार उलट दिशेने वळला. लहान मूल सहजच अडखळते. वडील माणसे त्यास 'तोतरा' म्हणतात, आणि त्या नावाच्या भीतीनेच दोष जडतो, असे त्याने प्रतिपादिले. आनुवंशाचा वाटा आज ठाऊक असल्याने हा सिद्धान्त एकांगी वाटतो. तथापि अनेक आईबापांस त्याने संयम शिकविला, हेही खरे.

परंतु १९३९ साली प्राध्यापक जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या ६ मुलांस, तुम्ही तोतरी होत आहा, असे वारंवार सांगण्यात आले. पुढील संशोधकांच्या मते ती खरोखर तोतरी झाली नाहीत. मात्र ती अबोल झाली, संकोचू लागली. शब्दाने मूल खचते हा ज्यांचा सिद्धान्त, त्यांनीच तो शब्द अनाथांवर योजावा, याचे समर्थन कसे करावे? बोलावयास आईबाप नव्हते, म्हणूनच ती मुले निवडणे सोपे गेले. ती विद्यार्थिनी पुढे अनेकदा अनाथालयात जाऊन त्या मुलांची समजूत घालीत असे. प्रबंध मात्र छापला गेला नाही, ग्रंथालयातच राहिला.

जॉन्सन १९६५ साली वारले. २००१ साली वृत्तपत्रांतून हे प्रकरण उघडकीस आले आणि विद्यापीठाने क्षमा मागितली. २००७ साली आयोवा सरकारने ९,२५,००० डॉलर भरपाई मान्य केली, तेव्हा त्या मुलांपैकी काही हयात नव्हती.