लक्ष्मीपूजन, लॉन्च आणि लोखंडे

ही गोष्ट दोन दिवाळ्यांपूर्वीची. वर्सोव्यात सात बंगल्याच्या बाजूला आमचं ऑफिस. डिजिटल एजन्सी म्हणजे काय हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. लोकांच्या वेबसाइट, ॲप आणि सणासुदीच्या जाहिराती आम्ही करतो, एवढं पुरे.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ऑफिसात दिवाळी साजरी झाली. ट्रॅडिशनल डे, रांगोळी स्पर्धा, फराळाचे बॉक्स. एचआरची मेल होती, चार ते सहा सगळ्यांनी हजर राहायचं. राहिलो. फोटो काढले. सव्वासहाला क्लायंटच्या ऑफरचे दर बदलले आणि मग रात्री दीडपर्यंत मी आणि टीममधली सगळ्यात धाकटी मुलगी, दोघं झब्बा-साडीत बसून बग काढत होतो. घरी जाताना रिक्षाची वाट बघत ती म्हणाली, "दादा, पार्टी कंपल्सरी, काम पण कंपल्सरी. मग आज सुट्टी नक्की कुठली होती?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि वीकएंडला जुनी पुस्तकं उघडून बसलो. तेच आज लिहितोय.

पहिली गोष्ट, सण आणि धंदा ही जोडी काही इंटरनेटने जमवलेली नाही. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तो मराठीतला पहिला दिवाळी अंक मानतात. तेव्हापासून आजतागायत दिवाळी अंकांचा खर्च बराचसा जाहिरातींवर चालतो. म्हणजे लोक फराळ करत अंक वाचणार, तर कुणीतरी त्याआधी रात्र जागून खिळे जुळवलेले असणारच. दुसऱ्याच्या सणासाठी राबणारी माणसं या शहरात आधीपासून आहेत. त्यात क्लायंटला शिव्या घालण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ती आहे गिरण्यांची.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या गिरणीत सण होते बरं का! दिवाळी-होळीसारख्या मोठ्या सणांना गिरण्या बंद असत. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, साच्यांना झेंडूच्या माळा लागायच्या. आपण आज सर्व्हरला आणि राउटरला हळदकुंकू लावतो (आणि कीबोर्डमध्ये अक्षता गेल्या म्हणून ओरडतो) ती प्रथा तिथून फार लांब नाही. नव्हती ती दर आठवड्याची हक्काची सुट्टी. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या, पण त्या फक्त मुलांना. आणि 'मुलं' म्हणजे सात ते बारा वर्षांची! मोठ्या माणसांबद्दल कायदा गप्प होता.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे, स्वतः गिरणीत नोकरी केलेले, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास बरा होईपर्यंत पगार.

ही यादी मी दोनतीनदा वाचली. यात कुठे म्हटलंय की दसऱ्याला पेढे जास्त द्या? कुठेच नाही. सगळी यादी घड्याळाची आणि कॅलेंडरची आहे. काम कधी सुरू, कधी बंद, पगार कधी, आणि कुठला दिवस आमचा.

रविवारच का? लोखंड्यांनी तो खंडोबाचा वार असल्याचं कारण दिलं, असं सांगतात. साहेबाचा चर्चचा दिवस आणि कामगाराचा देवाचा दिवस एकच निघाला, तर नाही म्हणणार कोण? :-)

नाही म्हणायला लोक होतेच. अर्जानंतर सहा वर्षं गेली. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तिथे दोन बायकाही बोलल्या. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये गेले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. मी ज्या वीकएंडला हे टाइप करतोय, त्यातला निम्मा त्यांच्यामुळे आहे, आणि हे मला तिशी उलटल्यावर कळलं. असो.

आता आमच्याकडे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कर्मचारी यांनी मिळून ठरवायच्या. 'मिळून' हा शब्द बघा. आमच्याकडे डिसेंबरात एक पीडीएफ यायची आणि आम्ही त्यात लाँग वीकएंड किती एवढंच मोजायचो.

दुपारी जेवण झाल्यावर मी कधीकधी वर्सोवा कोळीवाड्यापर्यंत चक्कर मारतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्त होत असतात, सरकारी बंदीही तेव्हाच. मग नारळी पौर्णिमा येते, समुद्राला नारळ वाहतात आणि धंदा सुरू होतो. तिथे आधी विसावा, मग सण, मग काम. आमच्याकडे काम, मधे सण, परत काम. विसावा यादीतून गळलाच.

त्या जानेवारीत आम्ही सात जणांनी मिळून एक मेल लिहिली. मागणी एकच: धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत कोड फ्रीझ, सगळं आधीच लाइव्ह करायचं, आणि इमर्जन्सीला आळीपाळीने एकच माणूस. साहेब म्हणाले, क्लायंट ऐकणार नाही. मी म्हटलं, विचारून तर बघू. विचारलं. क्लायंटकडच्या बाई म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचंत ना! आमचीही माणसं तेव्हा वैतागलेली असतात."

म्हणजे इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मी संध्याकाळी सहाला घरी होतो. रांगोळी स्पर्धा याही वर्षी झाली, आणि ती धाकटी मुलगी पहिली आली. पण खरं सांगू, तिला फोटोपेक्षा साडेपाचची ट्रेन मिळाल्याचाच आनंद जास्त होता.