वाणी एकाची, अक्षर दुसऱ्याचें

जुनें बाड हातीं आलें म्हणजे आपण संग्राहक प्रथम शेवटचें पान उलटून लेखकाचें नांव व शक पाहतों. ग्रंथ कोणाचा आणि अक्षर कोणाचें, हे दोन प्रश्न निराळे आहेत हें पोथ्यांच्या बाबतींत आपणांस पक्कें ठाऊक असतें. अर्वाचीन कागदांपुढें मात्र त्याचा विसर पडतो. ज्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं निवर्तले, तेथीलच एक उदाहरण आम्ही पुढें ठेवतों.

१९३२ च्या सत्याग्रहांत विनोबा भावे व साने गुरुजी धुळ्याच्या तुरुंगांत होते. तेथें विनोबांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं बंदिवानांपुढें गीतेवर प्रवचनें केलीं. पंचांग लावून पाहतां हे रविवार बरोबर १८ भरतात, अध्यायही तितकेच. विनोबा बोलत गेले, गुरुजी लिहीत गेले, आणि ‘गीता प्रवचनें’ हा ग्रंथ आपणांस लाभला. अमळनेरच्या छात्रालयांत मुलांसाठीं हस्तलिखित दैनिक काढणाऱ्या या शिक्षकाचा हात सरावाचाच होता. वक्ता व लेखक एका भाषेचे, एका पक्षाचे. म्हणून येथें पाठाची चिंता फारशी पडत नाहीं.

वाणी आणि लेखणी यांमध्यें राज्यकर्त्यांची भाषा उभी राहिली म्हणजे काय होतें, हें दुसऱ्या एका तुरुंगांतील कागदांवरून दिसतें. कॅरिबियन समुद्रांतील हैती ही १८०४ पर्यंत फ्रेंचांची वसाहत होती. तेथील गुलामांच्या क्रांतीचा सेनापति तूसें लूव्हेर्त्यूर हा जन्मानें गुलाम. १८०२ सालीं त्यास धरून फ्रान्समधील जू येथील किल्ल्यांत कोंडलें. तेथें त्यानें नेपोलियनकरितां आपली कैफियत सिद्ध केली व ७ एप्रिल १८०३ रोजीं तेथेंच त्याचा अंत झाला. कैफियतीच्या कारकुनी प्रतींत फ्रेंच शुद्ध आहे. स्वहस्ताची प्रत मात्र कानांस जसें ऐकूं येई तशा अक्षरांत लिहिलेली. १८५३ सालीं सां-रेमी या हैतीच्याच इतिहासकारानें ती छापली, पण शुद्ध करून! स्वतंत्र झालेल्या देशाच्या विद्वानासही आपल्या पुढाऱ्याचें लेखन जुन्या धन्याच्या व्याकरणापुढें उघडें करण्याची लाज वाटली असावी. मूळ अक्षरवाटिका छापून येण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें. राजवाड्यांनीं १९०९ सालीं ज्ञानेश्वरी छापतांना जुन्या रूपांचा जो आग्रह धरिला, त्याचें मोल अशा वेळीं कळतें.

आमच्या मतें सां-रेमीहून जळगांवचे सोपानदेव चौधरी अधिक चांगले संपादक. त्यांच्या मातोश्री बहिणाबाई यांचा जन्म १८८० सालीं असोद्यास झाला. त्यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि जात्यावर त्या जें बोलत, तें घरच्यांनीं टिपून ठेविलें. सोपानदेव स्वतः ग्रांथिक मराठींत कविता करणारे. परंतु आईच्या खानदेशी बोलीस त्यांनीं पुणेरी वळण दिलें नाहीं. संग्रह १९५२ सालीं निघाला. ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं शुद्ध प्रत झाली म्हणून मूळ वही रद्दींत घालूं नये, व टिपणाराचें नांव वहीवर लिहून ठेवावें. बहिणाबाईंचीं जीं गाणीं कोणी टिपलीं नाहींत, तीं ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्यांच्याबरोबरच गेलीं.