रक्तद्रव पालटण्याची विद्या

हातापायांना मुंग्या येतात, दोन-तीन दिवसांत पायऱ्या चढवेनाशा होतात आणि काही दिवसांतच धडधाकट माणूस अंथरुणास खिळतो. कित्येकांचे श्वासाचे स्नायूही थकतात. या व्याधीचे 'जीबीएस' हे नाव २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत त्या वेळी साथ उद्भवली. दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो सोलापुरात. सोलापूरच्या पुढे त्याच लोहमार्गावर कलबुर्गी लागते. पोटापाण्यासाठी पुण्यास जाणाऱ्या बीदर-कलबुर्गीकडील कुटुंबांना ही वार्ता परकी वाटण्याजोगी नव्हती.

या व्याधीवरील एका प्रमुख उपायाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९१४ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन एबल या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह कुत्र्यांवर प्रयोग केले. रक्त काढावयाचे, त्यातील पेशी वेगळ्या करून क्षारजलासह परत शरीरात सोडावयाच्या, आणि वरचा पिवळसर रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, टाकून द्यावयाचा. पुढे दोनच वर्षांनी, महायुद्धाच्या धुमाळीत, गीयाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच वैद्यांनी लुळे पडलेल्या दोन सैनिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग आणि उपाय असे पाठोपाठ ग्रंथांत आले. परंतु त्यांची गाठ पडावयास साठांहून अधिक वर्षे जावी लागली.

याचे कारण उघड आहे. रोगाचे विष रक्तद्रवात आहे, हे कोणास ठाऊक नव्हते. दूषित पाण्यावाटे वा अन्नावाटे पोटात जाणाऱ्या एका जंतूचे बाह्य आवरण आपल्या मज्जातंतूंवरील द्रव्याशी मिळतेजुळते असते. जंतूंशी झुंजण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे मग आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात. घरच्या राखणदाराने घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार. ही प्रतिपिंडे रक्तद्रवात वाहत असतात. तो द्रव काढून त्याच्या जागी अल्ब्युमिनसारखे निर्दोष द्रव भरले, तर हल्ल्याचा जोर ओसरतो. रक्ताचे घटक अखंडपणे वेगळे करणारे यंत्र १९६५ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले. १९७६ साली इंग्लंडात स्नायुदौर्बल्याच्या एका विकारावर आणि १९७८ साली जीबीएसवर हा उपाय योजल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. १९८५ साली उत्तर अमेरिकेतील २४५ रुग्णांवरील चाचणीने त्याचा गुण सिद्ध केला. शिरेतून प्रतिपिंडांचे औषध देण्याचा दुसरा मार्गही तितकाच गुणकारी असल्याचे १९९२ साली हॉलंडमध्ये दिसून आले.

त्या १९८५ च्या चाचणीतील एक गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. रोग दिसू लागल्यापासून सात दिवसांच्या आत उपचार सुरू झाला, तर लाभ अधिक होतो. आता या सात दिवसांचा हिशेब सीमेवरील घरात बसून मांडून पाहावा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, औराद व उरलेल्या बीदर जिल्ह्याचा बराचसा भाग, गुलबर्ग्यासह, म्हैसूर राज्यात गेला. सोयरीक इकडे आणि शासन तिकडे, अशी अनेक मराठी कुटुंबांची स्थिती झाली. रोग्यास हैदराबादेस न्यावे, सोलापुरास न्यावे की सुमारे सातशे किलोमीटरवरील बेंगळुरास न्यावे, आणि खर्च कोणत्या योजनेत बसेल, या विचारातच दोन-तीन दिवस सहज सरतात. २०२३ साली महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करावयाचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाने हरकत घेतली. वाद राज्यांचा खरा. परंतु त्यात दिवस खर्ची पडतात ते रोग्याचे.

शास्त्राने आपल्याकडून अंतर कमी करण्याचा यत्न चालविला आहे. २०१८ साली ढाक्याच्या वैद्यांनी २० प्रौढ रुग्णांवर एक साधी रीत योजून पाहिली. रक्त पिशवीत घेऊन टांगून ठेवावयाचे, पेशी तळाशी बसल्या की वरचा द्रव काढावयाचा आणि पेशी परत द्यावयाच्या. मोठे यंत्र नको, खर्चही थोडा. ही रीत निर्धोक व शक्य असल्याचे तेथे दिसले. तिचा गुण मोठ्या चाचणीने ठरावयाचा आहे. तो ठरला, तर जिल्ह्याच्या रुग्णालयातही ती करता यावी.

तोवर सामान्य माणसाने एवढे ध्यानी धरावे. जुलाब होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत दोन्ही पायांतील बळ उतरू लागले, तर तो थकवा समजून घरी थांबू नये. पहिल्याच दिवशी जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, मग ते कोणत्याही राज्यात असो. मज्जातंतूंना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. त्यांना फक्त दिवस मोजता येतात.