स्त्रियांचे ओटीपोटाचे आरोग्य आणि हस्तोपचार : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्त्रीआरोग्याचा इतिहास प्रामुख्याने बाळंतपणाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्रसूतीच्या पलीकडची दुखणी, म्हणजे अंग बाहेर येणे, लघवीवर ताबा न राहणे, कंबर व ओटीपोट सतत दुखणे, ही 'बायकांचे दुखणे' या एका शब्दाखाली झाकली गेली. या दुखण्यांवरील उपचारांच्या इतिहासात हस्तोपचार व व्यायामोपचार यांचे स्थान काय होते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रुग्णालय आणि घर

१८८६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. या वर्षी आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रीला स्त्री डॉक्टरकडून तपासून घेण्याची सोय झाली. परंतु भर प्रसूतीवरच राहिला.

घरोघरी मात्र हस्तोपचाराची परंपरा होतीच. सुईण किंवा घरातील जाणती स्त्री बाळंतिणीला मालीश करी, शेक देई, पोट बांधी. ही काळजी साधारणतः सव्वा महिन्यापुरती असे. त्यानंतर पाण्याचे हंडे, सरपणाच्या मोळ्या आणि शेतातील कामे पुन्हा सुरू होत.

पाश्चात्त्य जगातील प्रयत्न

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपथीचा विचार मांडला व १८९२ मध्ये कर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय काढले. हाडे, सांधे व स्नायू यांवर हाताने उपचार करणे हा तिचा गाभा होय. १९४८ मध्ये अर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शास्त्रीय पद्धतीने मांडले. लघवीवरील ताब्यासाठी या व्यायामांची उपयुक्तता आज सर्वमान्य आहे. ऑस्टिओपथीबाबतचे पुरावे त्या मानाने मर्यादित आहेत.

गडचिरोली ते बीड

प्रसूतीबाहेरच्या दुखण्यांचे खरे प्रमाण डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासामुळे समोर आले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते; पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढल्याचे आढळले. उचल घेतलेल्या जोडप्याला खाडा परवडत नाही. मोळ्यांचे ओझे टळत नाही. अशा स्थितीत दुखण्यावर पहिला उपचार म्हणून शस्त्रक्रियाच पुढे आली. यातील सर्व दुखणी व्यायामाने बरी झाली असती, असे म्हणता येणार नाही. जंतुसंसर्गाला औषधच हवे. तथापि तपासणी, औषध, व्यायाम आणि विश्रांती या पायऱ्या वगळून थेट अवयव काढला जाणे, हे व्यवस्थेचे अपयश होय.

नाशिकचे स्थान

या पायऱ्या उभारण्याची शैक्षणिक जबाबदारी मोठ्या प्रमाणात नाशिककडे येते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे असून राज्यातील वैद्यक, आयुर्वेद, परिचर्या व भौतिकोपचार यांची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. ऑस्टिओपथीची स्वतंत्र विद्याशाखा तेथे नाही. त्यामुळे ओटीपोटाच्या स्नायूंवरील उपचारांची मुख्य भिस्त भौतिकोपचारावर राहते. हे ज्ञान महाविद्यालयापुरते न राहता परिचारिका व आशा कार्यकर्ती यांच्यामार्फत सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांतील पाड्यांपर्यंत जाणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

सारांश, महाराष्ट्रात हस्तोपचाराची परंपरा होती, परंतु ती बाळंतिणीपुरती होती; आधुनिक शास्त्र आले, परंतु ते प्रसूतिगृह व शस्त्रक्रियागृह यांतच अधिक स्थिरावले. या दोहोंच्या मधल्या जागेत ग्रामीण कष्टकरी स्त्री एकटी राहिली. ती जागा भरून काढणे हे पुढील काळातील आरोग्यशिक्षणाचे कर्तव्य ठरते.