आतड्यातील सूक्ष्मजीव, आनुवंशिकता आणि दाहक आंत्ररोग : केळझर व वर्धा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, वर्धा-नागपूर मार्गावर वसलेले केळझर हे गाव टेकडीवरील सिद्धिविनायकासाठी प्रसिद्ध आहे. स्थानिक परंपरा या गावाला महाभारतातील एकचक्रनगरी मानते. बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न भीमाने स्वतःच फस्त केले आणि नंतर त्या राक्षसाचा वध केला, ती कथा येथील मानली जाते. भीमाचे एक नाव वृकोदर. वृक नावाचा प्रखर अग्नी ज्याच्या उदरात आहे तो वृकोदर, अशी त्या नावाची परंपरागत व्युत्पत्ती सांगितली जाते. एकाला पचते ते दुसऱ्याला का पचत नाही, पोटाचे बळ जन्मतः मिळते की खाण्यापिण्यातून येते, हा प्रश्न या कथेइतकाच जुना आहे. आधुनिक वैद्यकात हाच प्रश्न दाहक आंत्ररोगाच्या, म्हणजे आयबीडीच्या, संशोधनात गेली शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे.

दाहक आंत्ररोग या संज्ञेत प्रामुख्याने दोन विकार येतात. व्रणयुक्त बृहदांत्रदाहात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन जखमा होतात. क्रोन्स रोगात मुखापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाचा कोणताही भाग बाधित होऊ शकतो. मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग अधिक वेळा सापडतो. दीर्घकाळचे जुलाब, शौचावाटे रक्त, पोटदुखी, ज्वर आणि वजन घटणे ही त्यांची सामान्य लक्षणे होत. या रोगांच्या कारणमीमांसेत सूक्ष्मजीव आणि आनुवंशिकता यांचे स्थान कसे बदलत गेले आणि त्या इतिहासाचा केळझरसारख्या ग्रामीण भागाशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

रोगाची ओळख आणि जंतूचा संशय

इ.स. १८५९ मध्ये इंग्लंडमध्ये विषप्रयोगाचा एक खटला गाजला. डॉ. थॉमस स्मेथर्स्ट याच्यावर इझाबेला बँक्स या स्त्रीला विष दिल्याचा आरोप होता. शवविच्छेदनात तिच्या आतड्यात तीव्र दाह व व्रण आढळले. सॅम्युएल विल्क्स यांनी त्यांचे वर्णन करताना वापरलेल्या शब्दांतून व्रणयुक्त बृहदांत्रदाह हे रोगनाम वैद्यकात रूढ झाले. आरोपीला प्रथम फाशीची शिक्षा झाली व नंतर खुनाच्या आरोपातून माफी मिळाली. या रोगाचा पहिला प्रसिद्ध रुग्ण अशा रीतीने न्यायालयाच्या दप्तरात नोंदला गेला. निदान चुकल्यास काय घडू शकते, याचे ते पहिले उदाहरणही ठरले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्राचा प्रभाव सर्वत्र होता. १८९५ मध्ये योने व फ्रॉदिंगहॅम यांनी गुरांच्या आतड्यातील एका दीर्घकालीन रोगात क्षयासारखे जंतू दाखविले. १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी मानवी आतड्याच्या दाहाची काही प्रकरणे मांडली. गुरांच्या त्या रोगाशी त्यांचे साम्य त्यांनी नोंदविले. जंतू मात्र त्यांना सापडले नाहीत. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनी १४ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या मांडणीचा पायाच असा होता की हा रोग आतड्याच्या क्षयासारखा दिसतो, परंतु क्षय नव्हे. १९८४ मध्ये चिओडिनी व सहकाऱ्यांनी क्रोन्स रुग्णांच्या ऊतकांतून गुरांच्या रोगातील जंतूशी संबंधित जीवाणू वेगळा केल्याने जुना संशय पुन्हा जागा झाला. तथापि एकच विशिष्ट जंतू हे या रोगाचे कारण आहे, असे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

आनुवंशिकतेचा शोध

एकाच कुटुंबात हा रोग वारंवार दिसतो, हे निरीक्षण जुने होते. त्याला संख्येचा आधार १९८८ मध्ये स्वीडनमधील जुळ्यांच्या अभ्यासाने दिला. क्रोन्स रोगाच्या १८ एकबीज जुळ्या जोड्यांपैकी ८ जोड्यांत दोघेही बाधित होते; व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या १६ जोड्यांपैकी फक्त एका जोडीत तसे आढळले. या आकड्यांचे वाचन दोन्ही बाजूंनी करावे लागते. क्रोन्स रोगात वारशाचा वाटा मोठा आहे, हे त्यातून दिसते. त्याचबरोबर जनुके समान असूनही निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरे भावंड निरोगी राहिले, हेही दिसते. वारशाखेरीज आणखी काही घडल्याशिवाय रोग होत नाही, असाच याचा अर्थ होय.

१९९६ मध्ये फ्रान्समधील ह्यूगो व सहकाऱ्यांनी क्रोन्स रोगाचा संबंध सोळाव्या गुणसूत्राशी जोडला. २००१ मध्ये त्याच भागातील नॉड-२ हे जनुक फ्रान्स व अमेरिकेतील दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केले. १९५० च्या दशकापासून कॉर्टिसोनसारख्या औषधांनी दाह शमविता येऊ लागला होता. परंतु दाह का होतो, याचा पहिला ठोस धागा या जनुकाने हाती दिला.

दोन प्रवाहांचा संगम

नॉड-२ हे जनुक नेमके काय करते, याचे उत्तर या इतिहासातील निर्णायक वळण ठरले. २००३ मध्ये असे दिसून आले की या जनुकापासून तयार होणारे प्रथिन जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतील एक तुकडा ओळखते. ते शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेतील पहारेकऱ्याचे काम करते. आनुवंशिकतेचा माग काढणारे संशोधक अशा रीतीने पुन्हा जीवाणूंच्याच दारी येऊन पोहोचले.

दुसऱ्या बाजूनेही तेच घडत होते. १९९१ मध्ये बेल्जियमच्या रुटगिर्ट्स व सहकाऱ्यांनी दाखविले की शस्त्रक्रियेनंतर आतड्यातील मलप्रवाह वळविला असता क्रोन्स रोग त्या भागात परतत नाही. १९९० च्या दशकात रोगप्रवण जनुकीय बदल असलेल्या उंदरांना पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढविले असता त्यांना आतड्याचा दाह झाला नाही. सदोष जनुक असूनही जीवाणूंच्या अभावी रोग प्रकटला नाही, हा या प्रयोगांचा निष्कर्ष होता. २००८ मध्ये सोकोल व सहकाऱ्यांनी क्रोन्स रुग्णांत फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा दाह शमविणारा जीवाणू घटलेला असल्याचे नोंदविले. बाहेरून आलेल्या शत्रूऐवजी आतड्यातील नित्याच्या वसाहतीचे बिघडलेले संतुलन आता अभ्यासाचा विषय बनले.

वर्धा परिसराचे संदर्भ

या इतिहासाचे दोन धागे वर्धा जिल्ह्याशी येऊन मिळतात. पहिला धागा कुष्ठरोगाचा आहे. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. १९३९ पासून सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची स्वतः शुश्रूषा केली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठानाने वर्ध्यातूनच सर्वेक्षण, शिक्षण व उपचार यांची पद्धती देशभर नेली, त्यात डॉ. र. वि. वार्डेकर यांचे कार्य मोलाचे होते. या सेवेचा आतड्याच्या रोगाशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल. परंतु २००९ मध्ये चीनमधील एका व्यापक अभ्यासात कुष्ठरोगाच्या प्रवणतेशी निगडित जनुकांत नॉड-२ आढळले. २०१२ मध्ये दाहक आंत्ररोगाशी संबंधित १६३ जनुकीय स्थाने प्रसिद्ध झाली, तेव्हा कुष्ठ व क्षय यांसारख्या रोगांच्या प्रवणतेशी त्यांचे लक्षणीय साम्य नोंदविण्यात आले. जंतूंशी झुंजण्यासाठी घडलेली प्रतिकारव्यवस्था आणि आतड्याचा दाह यांचे नाते त्यातून सूचित होते.

दुसरा धागा आहाराचा आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्यातील मगनवाडी हे होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ व पालेभाज्या यांचा पुरस्कार गांधीजींनी व जे. सी. कुमारप्पा यांनी तेथून केला. त्यामागे ग्रामीण अर्थकारण व पोषण यांचा विचार होता, सूक्ष्मजीवांचा नव्हे. मात्र कोंडा व तंतू यांवरच आतड्यातील अनेक जीवाणू जगतात, हे आता ज्ञात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला व मेगास्फेरा हे जीवाणू विशेष प्रमाणात आढळले. पाश्चात्त्य देशांतील निरोगी आतड्याचे चित्र येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यातच ज्वारीची भाकर, तुरीचे वरण व अंबाडीची भाजी या वऱ्हाडी-वैदर्भीय ताटात गेल्या काही दशकांत मोठा बदल झाला असून विदर्भातील ज्वारीचे क्षेत्र घटले आहे.

जनुकांच्या बाबतीतही हेच खरे आहे. युरोपीय रुग्णांत महत्त्वाचे ठरलेले नॉड-२ मधील तीन प्रमुख बदल भारतीयांत अत्यंत विरळ आढळतात. २०१५ मध्ये उत्तर भारतीय रुग्णांवरील संपूर्ण जनुकसंच अभ्यासात व्रणयुक्त बृहदांत्रदाहाचा संबंध प्रामुख्याने एचएलए या प्रतिकारविषयक जनुकसमूहाशी दिसला.

निदानाचा प्रश्न

हा रोग शहरी व सधन लोकांचा आहे, असा समज दीर्घकाळ होता. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील घरोघरच्या पाहणीत व्रणयुक्त बृहदांत्रदाहाचे प्रमाण एक लाख लोकांमागे ४४.३ इतके आढळले. २०२३ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या ३२,०२१ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात ग्रामीण व शहरी रुग्णांतील प्रमाणात मोठी तफावत दिसली नाही.

ग्रामीण रुग्णापुढील अडचण यातूनच उद्भवते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स रोग यांची जागा, लक्षणे व दुर्बिणीतून दिसणारे व्रण पुष्कळदा सारखेच असतात. क्षयाचा प्रादुर्भाव मोठा असल्याने प्रथम क्षयाची औषधे देऊन पाहणे वैद्यकीय दृष्ट्या तर्कसंगत ठरते. रोग क्रोन्स असेल तर त्या महिन्यांत आतडे अरुंद होत जाते. उलटपक्षी क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली गेल्यास क्षय पसरण्याचा धोका असतो. केळझरच्या शेतमजुराला दुर्बीण-तपासणी व ऊतक-परीक्षणासाठी वर्धा किंवा नागपूर गाठावे लागते आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. दोन रोगांतील फरक लवकर ओळखणारी, भारतीय जनुके व भारतीय सूक्ष्मजीव यांवर आधारलेली सोपी चाचणी उपलब्ध झाल्यास तिचा सर्वाधिक लाभ अशाच रुग्णाला होईल.

निष्कर्ष

दाहक आंत्ररोगाच्या संशोधनाने प्रथम एका जंतूचा व पुढे एका जनुकाचा शोध घेतला. दोन्ही वाटा अखेरीस यजमान शरीर व त्यातील सूक्ष्मजीव यांच्या परस्परसंबंधात एकत्र आल्या. तो संबंध अन्न, माती, पूर्वीचे संसर्ग आणि वंश यांनुसार बदलतो. म्हणून दूरच्या लोकसमूहांवरून काढलेले निष्कर्ष केळझरच्या रुग्णाचे निदान पूर्णतः करू शकत नाहीत. १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेमुळे ग्रामीण वैद्यकाची परंपरा या जिल्ह्यात रुजली आहे. घरोघर जाऊन रोग शोधण्याची पद्धती तर येथे कुष्ठकार्याने त्याआधीच घालून दिली होती. त्याच पद्धतीने गावातील दीर्घकालीन जुलाबाच्या रुग्णांची नोंद, त्यांच्या आहाराची माहिती आणि उपचारांचा पाठपुरावा झाल्यास या संशोधनाच्या पुढील इतिहासात विदर्भातील खेड्यांनाही स्थान मिळेल. एकचक्रनगरीच्या कथेत गावावरील संकट ओळखून त्याला सामोरे जाणारा कोणीतरी आला, तेव्हाच गाव सुटले. येथेही रोगाची योग्य ओळख हीच उपचाराची पहिली पायरी होय.